माया किती सोडली आहे: टाकून दिलेला एक कोट आणि नाकारला जाणार असलेला एक माणूस

वापरलेल्या कपड्यांच्या छाननीचं टेबल मी नऊ वर्षं सांभाळते आहे. गठ्ठा सुटला की एकेक कपडा उचलायचा, झटकायचा, पुढून-मागून बघायचा आणि ढीग ठरवायचा. एका कपड्याला पंधरा सेकंद मिळतात, गर्दीच्या दिवशी दहासुद्धा नाहीत. ढीग चार: विक्री, दुरुस्ती, चिंध्या, टाकाऊ. पहिल्या दोन ढिगांतली चूक सुधारता येते, कारण तो कपडा पुन्हा कुणाच्या तरी हाताखालून जातो. चिंध्यांचा ढीग मात्र संध्याकाळी बांधला जातो आणि गेला की गेला. त्याची पुसायची फडकी होतात किंवा तो पिंजून गाद्यांत भरतात. तिथे चूक झाली, तर चूक झाली हे कळायलाही काही उरत नाही.

हे प्रकरण त्याच ढिगातलं आहे. मी त्यात टाकलेला एक कोट, तो बाहेर काढणारा एक माणूस, आणि त्या माणसाबद्दल मी तोवर मनात लावून टाकलेला निकाल. कोटाचा निकालही माझाच होता. दोन्ही एकाच आठवड्यातले, आणि दोन्हींची रीत एकच.

वरून पाहिलेलं

कोट लोकरीचा, गडद निळा, गुडघ्यापर्यंत लांब. पाचांपैकी दोन बटणं गायब. खालची दुमड एका बाजूने उसवून लोंबत होती. उजव्या काखेत अस्तर फाटलं होतं आणि आतलं काहीतरी जाडंभरडं बाहेर डोकावत होतं. कॉलरला कसर लागून तीन भोकं पडलेली, आणि अख्ख्या कोटाला वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कपाटाचा कुबट वास. मी तो धड झटकलासुद्धा नाही.

माणूस पंचावन्नच्या आसपासचे. आठवडाभर काम करून बघायचं, मग शनिवारी ठरवायचं, असं बोलणं झालं होतं. त्यांच्या अर्जात सलग सात वर्षांची जागा कोरी होती. पहिल्या दिवशी आले ते चुरगळलेल्या शर्टात, एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली. कुणी दोन शब्द बोललं तर उत्तर "हं", फार तर "बघतो". बोलताना नजर समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. आणि वेग? बाकीच्यांचे चार कपडे होईपर्यंत यांचे दोन. बुधवारी संध्याकाळी मी वहीत त्यांच्या नावापुढे तीन शब्द लिहिले: संथ, तुसडे, अव्यवस्थित. शनिवारी काय सांगायचं ते माझं तेव्हाच ठरलं होतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी चिंध्यांच्या ढिगात हात घालून तो कोट ओढून काढला.

"तो बघून झालाय," मी म्हटलं.

"उलटा नाही केलात तुम्ही," ते म्हणाले.

चार दिवसांत ते माझ्याशी बोलले त्यातलं हे सर्वांत लांब वाक्य. मला राग आला, हे इथे लिहायला हवं. चार दिवसांपूर्वी आलेल्या माणसाने माझ्या नऊ वर्षांच्या कामावर बोट ठेवलं होतं, तेही सगळ्यांदेखत. पुढची पाच मिनिटं मी टेबलाशी उभी राहिले ती त्यांची चूक त्यांना दाखवून द्यायला.

उलटा केल्यावर

त्यांनी बाह्या आत ओढून कोट पुरता उलटा केला आणि आधी काखेतलं अस्तर बोटांनी पसरलं. कापड विरलेलं नव्हतं. शिवणीचा दोरा तुटून अस्तर निसटलं होतं, एवढंच. वरून पाहणाऱ्याला दोन्ही "फाटलेलं"च दिसतं, पण विरणं आणि उसवणं यात फार मोठा फरक आहे. विरलेल्या कापडाला टाका घातला की ते टाक्याच्या कडेने पुन्हा सुटतं, कारण टाका धरून ठेवायला तिथे ताकदच उरलेली नसते. उसवलेली शिवण मात्र थोड्या वेळात पहिल्यासारखी होते.

मग त्यांनी छातीवरचं कापड चिमटीत धरलं आणि बाहेरचा आणि आतला थर बोटांनी वेगळा करून पाहिला. मध्ये एक तिसरा थर सुटा सरकत होता. म्हणजे कोटाला आकार देणारं कॅनव्हास इथे चिकटवलेलं नव्हतं, टाके घालून बसवलेलं होतं. चिकटवलेला थर धुण्या-इस्त्रीने कधी ना कधी सुटतो आणि छातीवर बुडबुडे येतात, ते पुन्हा बसत नाहीत. टाक्यांनी बसवलेलं कॅनव्हास वर्षानुवर्षं टिकतं, घालणाऱ्याच्या अंगाला वळतं. काखेतून डोकावणारं ते जाडंभरडं काहीतरी म्हणजे याच कॅनव्हासची कड. ज्याला मी खराबी समजले होते, त्यातच त्या कोटातली सर्वांत जास्त मेहनत होती.

खिडकीपाशी नेऊन कोट उजेडासमोर धरला. कोपरं, खांदे, बसायची जागा, कुठूनही उजेड आरपार आला नाही. कॉलरची तीन भोकं तेवढी चांदण्यांसारखी दिसली. कसरीचं पाखरू कापड खात नाही, त्याची अळी खाते. लोकर, केस, पिसं यांतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर ती जगते आणि जिथे घाम मुरलेला असतो तिथे आधी तोंड लावते, म्हणून कॉलर सापडते. त्यांनी कॉलरखाली, खिशांच्या तळाशी, शिवणींच्या खोबणीत नखाने खरवडून पाहिलं. अळीची जाळी नाही, वाळूच्या कणांसारखी विष्ठा नाही. कसर जुनी होती, येऊन गेलेली.

शेवटी त्यांनी पाठीची मधली शिवण दोन बोटांत पकडली आणि पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माया बघा."

शिवणीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ तीन सेंटिमीटर कापड आत राखलेलं होतं. खालच्या दुमडीत तर पाच. ज्यांनी कधी शिवण उसवून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: शिवणाऱ्याच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत जाणूनबुजून सोडलेलं जादा कापड. पुढे अंग भरलं, उंची वाढली, तर कपडा सोडवून मोठा करता यावा म्हणून. हजारो नग एकदम शिवताना ही माया कापून एखाद्या सेंटिमीटरवर आणतात, कारण एवढ्या नगांत तेवढंही कापड बरंच वाचतं. पण मायेचा आणखी एक उपयोग आहे. भोकाला रफू करायचा तर त्याच कापडाचा, त्याच रंगात बुडालेला धागा हवा. बाहेरून आणलेला दोरा दिव्याखाली कितीही जुळला तरी उन्हात उघडा पडतो. तो धागा मिळतो मायेतून. ज्या कपड्यात माया सोडलेली आहे, त्याचं भोक त्याच्याच आतल्या धाग्यांनी भरता येतं. जिथे माया नाही, तिथे ठिगळाला पर्याय नाही.

मी हा शब्द रोज वापरत होते. "माया कमी आहे, दुरुस्तीला नको," असं दिवसातून दहादा म्हणत होते. त्या दुपारी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला.

निकाल लागतो कसा

रात्री घरी वही उघडली आणि ते तीन शब्द पुन्हा वाचले. "अव्यवस्थित" मी त्यांच्या शर्टावरून लिहिलं होतं. पण टेबलावरचा त्यांचा ढीग डोळ्यांसमोर आणला तर तो सगळ्यांत सरळ होता. घड्यांच्या कडा एका रेषेत, बाह्या आत, बटणं वर. चार दिवस तो ढीग माझ्या हातभर अंतरावर होता. शर्ट दिसला, ढीग दिसला नाही.

हे कसं होतं याचा शोध मानसशास्त्राने फार पूर्वी घेतला आहे. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एक निरीक्षण मांडलं. लष्करी अधिकाऱ्यांना आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण द्यायला सांगितले, तर हे गुण एकमेकांना नको तितके चिकटून येत. ज्याची शरीरयष्टी चांगली त्याची बुद्धीही चांगली ठरे, स्वभावही. एका गुणाची प्रभा बाकीच्या सगळ्यांवर पडे. उलट्या दिशेनेही हेच चालतं: एका चुरगळलेल्या बाहीची सावली माणसाच्या अख्ख्या कामावर पडते.

दुसरा एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. २००६ मध्ये जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले आणि हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, असं विचारलं. तेवढ्या वेळात बनलेली मतं सवडीने बघून बनवलेल्या मतांशी बरीच जुळली. चेहरा जास्त वेळ दाखवला तर मत फारसं बदलत नव्हतं. खात्री मात्र वाढत होती.

हे वाचल्यावर "जरा वेळ देऊन बघावं" या सल्ल्यावरचा माझा विश्वास उडाला. त्या कोटाकडे मी पंधरा सेकंदांऐवजी पंधरा मिनिटं वरूनच बघत बसले असते, तर मला चौथं भोक सापडलं असतं आणि चिंध्यांच्या ढिगाबद्दल माझी खात्री पक्की झाली असती. त्या माणसाकडे आणखी चार दिवस तसंच बघितलं असतं, तर वहीत तीनऐवजी सहा शब्द झाले असते. त्याच बाजूने जास्त वेळ बघून काही होत नाही, बाजू बदलावी लागते.

चकचकीत जॅकेट

याच टेबलावरची उलट चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण "दोषांकडे काणाडोळा करा" असं वाचलं जाईल, आणि मला ते अजिबात म्हणायचं नाही.

त्याच हंगामात एक काळं, चामड्यासारखं दिसणारं जॅकेट आलं होतं. डाग नाही, ओरखडा नाही, चेन लोण्यासारखी सरकत होती. मी ते हौसेने सगळ्यांत पुढच्या हँगरला लावलं. दोन महिन्यांत ते परत आलं, खांद्यावरून काळे पापुद्रे सुटत होते, घेणाऱ्याची मान आणि कॉलर काळी झाली होती. ते चामडं नव्हतंच. कापडावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर दिलेला होता. हवेतली ओल या थरातले रासायनिक बंध हळूहळू तोडत राहते, जॅकेट न वापरता कपाटात ठेवलं तरी. एकदा सोलायला लागलं की त्याला उपाय नाही. कॉलर मागे दुमडून पाहिली असती तर घडीत केसासारख्या बारीक भेगा दिसल्या असत्या. आतल्या पट्टीवर कापडाची माहितीही छापलेली होती. पण इतक्या छान दिसणाऱ्या वस्तूला उलटं कोण करतं?

माणसाच्या बाबतीतही हेच झालं होतं. वर्षभरापूर्वी कामावर घेतलेला एक मुलगा हसतमुख, टापटीप, बोलायला गोड. त्याची मुलाखत म्हणजे निव्वळ गप्पा होत्या, मी पंधरा मिनिटांत हो म्हटलं. तो कपड्यांवरच्या डागांवर मुद्दाम चिठ्ठ्या चिकटवून ते झाकत होता आणि घेणाऱ्याला दोष सांगत नव्हता. तक्रारी आल्या तेव्हा मी आधी घेणाऱ्यांवरच शंका घेतली. वापरलेल्या कपड्यांचा सगळा व्यवहार एका गोष्टीवर उभा असतो: दोष आधी सांगायचा. तीच गोष्ट तो मोडत होता, आणि त्याच्या हसण्यामुळे मला ते दिसायला काही महिने लागले.

डाग, चुरगळ, उसवलेली दुमड, वास हे वरचे दोष. विरलेलं कापड, ताण गेलेलं इलॅस्टिक, गरम पाण्यात आटून नमद्यासारखी झालेली लोकर, सोलणारा थर हे आतले. पहिले डोळ्यात भरतात, दुसरे बरेचदा दिसतही नाहीत. माझा हात पहिल्यांना शिक्षा करत होता आणि दुसऱ्यांना पुढच्या हँगरला लावत होता.

मात्र कपड्याची तुलना मी इथेच थांबवते. आटलेली लोकर पुन्हा सैल होत नाही. त्या मुलाबद्दल असं म्हणायचा अधिकार मला नाही. त्याला मी काढलं ते त्याने केलेल्या कामासाठी, तो माणूस म्हणून विरलेला होता म्हणून नाही.

माणसाला उलटं करता येत नाही

कपड्याला विचारावं लागत नाही. बाह्या आत ओढल्या की झालं. माणसाच्या बाबतीत हीच घाई अत्याचार होते. सात वर्षांची ती कोरी जागा मला खुपत होती, आणि कोटाच्या प्रकरणानंतर तर वाटू लागलं की विचारावं, म्हणजे सगळा उलगडा होईल. आजारपण असेल, कुणाची सेवा असेल, काही मोठं नुकसान असेल. मग ध्यानात आलं की मी शोधत होते ती त्यांचं तुसडेपण मला सुसह्य करणारी एक करुण गोष्ट. ती ऐकल्याशिवाय त्यांना न्याय देता येत नसेल, तर तो न्याय कसला? मी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

त्याऐवजी शनिवारी त्यांना काम दिलं. आमच्या दुरुस्तीच्या बाई आणि मी मिळून वीस कपडे निवडले. पाचांत आम्हाला माहीत असलेले, वरून न दिसणारे दोष होते. घड्याळ लावलं नाही. त्यांनी पाचांपैकी चार पकडले. पाचवा, एका फिक्या सदऱ्याच्या काखेतला घामाचा पिवळा डाग, सुटला. दाखवल्यावर त्यांनी सदरा खिडकीशी नेला, उजेडात बघितला आणि म्हणाले, "हे चुकलं." दिवा अंधूक होता असं म्हणाले नाहीत, आणि तो खरंच अंधूक होता.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये नोकरभरतीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधायला प्रत्यक्ष कामाचा नमुना आणि सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न विचारणारी मुलाखत, या दोन्ही गोष्टी मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा उजव्या ठरल्या. माझी पंधरा मिनिटांची मुलाखत त्या तिसऱ्या प्रकारातली. माणसाला न दुखवता त्याची दुसरी बाजू बघायची असेल तर त्याच्या हातात काम द्यावं आणि हात बघावेत. ते स्वतः सगळ्यांचे हातच बघत होते, हे मला तेव्हा उमगलं.

त्यांना ठेवलं. पण "तुसडे" हा शब्द मी वहीतून खोडला नाही, कारण तो खरा होता. दुसऱ्याच आठवड्यात एका नव्या मुलीची घडी त्यांनी तिच्यासमोर, एक अक्षर न बोलता, उलगडून पुन्हा घातली. ती रडत आत गेली. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचं कौशल्य मला हवं आहे, पण ही रीत चालणार नाही, आधी तोंडाने सांगायचं. त्यांनी मान हलवली. आता ते सांगतात, दोन-तीन शब्दांत, आणि नंतर कपडा तिच्याच हातात परत देतात. गिऱ्हाइकांशी बोलायला मात्र त्यांना उभं करत नाही. कुणाचा वरचा दोष माफ करायचा म्हणजे तो नाहीच असं धरून चालायचं नसतं. तो कुणाला बोचतो ते बघून कपडा कुठे लावायचा ते ठरवावं लागतं.

पुढे

कोट पिशवीत बंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवला, राहिली असेल नसेल ती अळी मरावी म्हणून. मग सावलीत वाऱ्यावर. वास जायला दीड महिना लागला, मधे मी दोनदा धीर सोडला. रफू त्यांनीच केला. दुमडीच्या मायेतून एकेक धागा सोडवला, भोकाच्या कडेपलीकडे शाबूत विणीत गुंतवला, उभे आधी, आडवे मग. दोन भोकं कुठे होती ते आता बोट फिरवूनच कळतं. तिसरं कॉलरच्या घडीवर होतं, तिथे तिरप्या उजेडात एक बारीक गाठ दिसते. बटणं जुळेनात, शेवटी पाचही बदलली.

घातलेल्या तासांचा हिशेब केला तर तो कोट तोट्याचा होता. प्रत्येक कपड्यावर एवढं करता येणार नाही, आणि तसं सुचवलं तर ते खोटं ठरेल. हँगरला त्यांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी लावली: "कॉलरला कसर लागली होती. रफू केला आहे. एक दिसतो. बटणं नवी. आत माया भरपूर." ज्या बाईंनी तो घेतला त्यांनी चिठ्ठी वाचून आधी कॉलर उलटली, दिसणारा रफू शोधला, त्यावरून अंगठा फिरवला आणि मगच कोट अंगात घातला.

टेबलावर दोन गोष्टी बदलल्या. दर शनिवारी चिंध्यांच्या ढिगातून हाताला येतील ते वीस कपडे काढतो आणि ज्याने टाकले नाहीत अशा माणसाने ते उलटून बघायचे. बहुतेक वेळा निकाल बरोबरच असतो. आणि नव्या माणसाच्या पहिल्या आठवड्यात वहीत विशेषण लिहायचं नाही. काय केलं तेवढंच लिहायचं: "घड्या सरळ", "काखा तपासल्या नाहीत", "चूक मान्य केली".

त्या वहीत मागच्या वर्षांची पानंही आहेत. नाव, पुढे दोन-तीन विशेषणं आणि एक आडवी काट. एका नावापुढे नुसतं "बोलत नाही" एवढंच आहे. त्या बाईंच्या हातांनी टेबलावर काय केलं, ढीग कसा लावला, काय पकडलं, याची एका अक्षरानेही नोंद नाही. चेहरा आठवायचा मी बराच प्रयत्न केला. आठवली ती फक्त त्यांच्या पायातली चप्पल, एका बाजूने झिजलेली.